पान गळण्याआधीची आवराआवर

माघ लागला की नवी मुंबईतले बदाम लाल होतात. वाशी-नेरूळचे फूटपाथ असोत की ऐरोलीतल्या आतल्या गल्ल्या, सकाळी खराट्याबरोबर त्या जाड, चामड्यासारख्या पानांची खरखर ऐकू येते. ढिगातलं एक पान उचलून उजेडाकडे धरावं. मधल्या शिरेला आणि तिच्या फाट्यांना लागून बऱ्याचदा हिरवट-पिवळी कड उरलेली असते, बाकी पातं लाल. तो लाल रंग पानाने शेवटच्या दिवसांत नव्याने बनवलेला असतो. शिरांलगतची हिरवळ सगळ्यात शेवटी जाते, कारण पानातला माल बाहेर काढायची वाट तिथूनच आहे. घर रिकामं करताना दाराजवळची खोली शेवटी आवरतात, तसंच हे.

पान वाळून गळतं, असं आपण सहज म्हणून जातो. मोसमी पानगळीत खरा क्रम उलटा असतो. पान आधी रिकामं होतं, मग सुटतं, आणि वाळतं ते जमिनीवर. जगभर झालेल्या मोजमापांची सरासरी काढली तर पानातल्या नत्राचा (नायट्रोजन) आणि स्फुरदाचा (फॉस्फरस) निम्मा ते दोन-तृतीयांश भाग झाड गळतीआधी परत ओढून घेतं. नत्र मुख्यतः प्रथिनांतून येतो आणि त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. स्फुरदाची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यातही एक कप्पा असा आहे की त्याच्याकडे कित्येक वर्षं कोणी खत म्हणून पाहिलंच नव्हतं. तो कप्पा म्हणजे उजेडावर अन्न बनवणाऱ्या हरितलवकांतला आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांतला डीएनए.

डीएनए म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माहिती येते. अक्षरं, आराखडा, वारसा वगैरे. पण ती अक्षरं ज्या कण्यावर बसवलेली असतात तो साखर आणि फॉस्फेटचा असतो, आणि फॉस्फेट म्हणजे स्फुरदच. एका अक्षरामागे एक फॉस्फेट, यात सूट नाही. पोथी सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेली असावी तसा हा प्रकार आहे. मजकूर एका प्रतीत सुरक्षित असेल, तर बाकीच्या प्रती वितळवायला काय हरकत?

आणि प्रती खरोखरच भरमसाट असतात. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या लहानशा रोपावर वनस्पतिशास्त्रातलं निम्मं काम झालंय, म्हणून हिशेबाला तेच घेऊ. त्याच्या हरितलवकाच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या एका पूर्ण प्रतीत, १,५४,४७८ अक्षरजोड्या आहेत. दोन धागे, म्हणजे एका प्रतीत साधारण ३ लाख ९ हजार फॉस्फेट. पूर्ण वाढलेल्या पानाच्या एका पेशीत अशा हजार ते दोन हजार प्रती असतात. दीड हजार धरल्या तर एका पेशीत ४६ कोटी फॉस्फेट. त्याच पेशीच्या केंद्रकातला जीनोम सुमारे साडेतेरा कोटी जोड्यांचा. त्याचे दोन संच आणि प्रत्येकाचे दोन धागे, म्हणजे ५४ कोटी. जेमतेम सव्वाशे-दीडशे जनुकं सांभाळणाऱ्या हरितलवकांचा डीएनए वजनाने केंद्रकाच्या जवळपास जाऊन बसतो. मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या तंतुकणिकेचं, चित्र अगदी निराळं आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये तिचा जीनोम हरितलवकाच्या दुपटीहून मोठा, पण पानाच्या पेशीत त्याच्या पूर्ण प्रती मायटोकॉन्ड्रियांच्या संख्येपेक्षाही कमी भरतात. त्या एकमेकींत मिसळून, पुन्हा वेगळ्या होऊन आपसांत भागवतात. शिवाय पान मोडायला लागणारी ऊर्जा शेवटपर्यंत त्यांच्याकडूनच यायची असते, त्यामुळे पानातल्या आवराआवरीत त्यांच्याकडून मोठी वसुली होत नाही.

पानातला सेंद्रिय स्फुरद सर्वांत जास्त असतो तो आरएनएमध्ये, मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएमध्ये. त्याखालोखाल पेशींच्या पडद्यांमधली फॉस्फोलिपिडं. स्फुरदाची टंचाई झाली की झाड या फॉस्फोलिपिडांच्या जागी गंधकवाली आणि साखरवाली लिपिडं बसवतं आणि स्फुरद मोकळा करून घेतं. या रांगेत डीएनएचा कप्पा छोटा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. म्हणूनच त्याच्यासाठी झाडाने स्वतंत्र अवजार राखून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ते अवजार म्हणजे डीएनए मोडणारं एक एन्झाइम, नाव डीपीडी-१. ते सापडलं मात्र पानात नाही, परागकणात.

इथे थोडं मागे जायला हवं. ठाण्यातल्या जुन्या चाळींच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाशी अजूनही गुलबक्षी दिसते, संध्याकाळी उमलणारी. पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांची पानं असलेल्या गुलबक्षीवर कार्ल कोरेन्स यांनी काम केलं आणि १९०९ साली प्रसिद्ध केलं. पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचं बी पेरलं की पांढरीच रोपं उगवायची, पराग कुठल्याही फांदीवरचा घातला तरी. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवीच. चट्टेवाल्या फांदीवरच्या बियांतून पांढरी, हिरवी आणि चट्टेवाली अशी तिन्ही. पांढरी रोपं बियांतला साठा संपला की मरायची. बापाच्या परागाला इथे काही म्हणणंच नव्हतं. त्याच वर्षी एर्विन बाउर यांनी पेलार्गोनियमवर (बागेतलं जिरेनियम) दाखवलं की तिथे मात्र हरितलवकं आई आणि बाप दोघांकडून येतात. वारसा बहुतेक वेळा आईकडूनच का, हा प्रश्न तिथे सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाही.

मग चमकणारे रंग दाखवणारा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक आला आणि डीएपीआय नावाचा रंग आला. डीएनएला चिकटला की अतिनील उजेडात तो निळा चमकतो. १९८८ साली कोरिव्हो आणि कोलमन यांनी सपुष्प वनस्पतींच्या २३५ जातींचे पराग असे रंगवून तपासले. परागातल्या जनक पेशीत (जिच्यातून शुक्रपेशी होतात) किंवा शुक्रपेशीत हरितलवकाचा डीएनए दिसला तो फक्त ४३ जातींत. उरलेल्यांत पराग पिकेपर्यंत तो नाहीसा झालेला. अरॅबिडॉप्सिसचा पक्व परागकण असा रंगवला तर आत तीनच ठिपके दिसतात: एक फिकट, पसरट केंद्रक आणि दोन घट्ट, लखलखीत शुक्रकेंद्रकं. भोवतालचा पेशीद्रव काळोखा. ओकायामा विद्यापीठातल्या वातारु साकामोतो यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिसची उत्परिवर्तित रोपं घेऊन त्यांचे पराग एकेक करून तपासले. काही रोपांच्या परागांत त्या तीन ठिपक्यांभोवती बारीक निळ्या कणांचा सडा पडलेला दिसला. ज्या डीएनएची विल्हेवाट लागायला हवी होती तो तसाच राहिला होता. बिघडलेलं जनुक शोधलं, ते डीपीडी-१. हे काम २०११ साली छापून आलं.

या एन्झाइमची घडण पाहण्यासारखी आहे. त्याचं जनुक केंद्रकात. तयार झालेल्या प्रथिनाच्या टोकाला जो पत्ता लिहिलेला असतो तो हरितलवक आणि मायटोकॉन्ड्रिया दोन्हीकडे चालतो. तिथे पोचल्यावर ते डीएनएच्या धाग्याच्या एका ठरावीक टोकापासून, ज्याला तीन-प्राइम म्हणतात तिथून, सुरुवात करतं आणि एकेक अक्षर सोडवत मागे सरकतं. कामाला मॅग्नेशियम लागतं. ज्या घराण्यातलं हे प्रथिन आहे त्याचा सर्वांना ठाऊक असलेला सदस्य जिवाणूत मुद्रितशोधकाचं काम करतो: नवी प्रत बनताना चुकीचं अक्षर पडलं की मागे वळून ते खोडतो. खोडायची हातोटी तीच. इथे ती थांबत नाही, एवढाच फरक.

टोकापासून खाणाऱ्या एन्झाइमला टोक मात्र लागतं. पाठ्यपुस्तकात हरितलवकाचा डीएनए नीटस वर्तुळ म्हणून काढलेला असतो. पेशीत तो बराचसा सरळ, फांद्याफांद्यांचा आणि तुटक रूपांतही सापडतो, म्हणजे टोकं मिळतात. सुटलेल्या अक्षराला फॉस्फेट चिकटलेलंच असतं. फॉस्फेटेज नावाची एन्झाइमं ते काढून घेतात, मग तो स्फुरद अन्नवाहिनीतून वर चढतो, कोवळ्या पानांकडे, कळ्यांकडे, बियांकडे. उरलेला सांगाडाही फुकट जात नाही. त्यातला काही भाग नव्या डीएनएसाठी थेट वापरला जातो, काही आणखी मोडून त्यातला नत्र काढून घेतला जातो.

परागात डीपीडी-१ सापडल्यावर सगळ्यांच्या मनात एकच आलं: बापाचा वारसा पुसणारा हाच. पण डीपीडी-१ नसलेल्या रोपांतही वारसा आईकडूनच येत राहिला. म्हणजे राखण करणारे आणखी आहेत. पराग घडताना होणाऱ्या पहिल्या विभाजनातच तंबाखूसारख्या झाडांत हरितलवकांचे पूर्वज, म्हणजे त्यांची अजून हिरवी न झालेली रूपं, जनक पेशीबाहेर ठेवले जातात, हा पहिला दरवाजा. डीएनए मोडणं हा दुसरा. राल्फ बॉक यांच्या गटाने २०२३ साली तंबाखूवर दाखवलं की पराग घडत असताना सौम्य गारठा मिळाला तर पहिला दरवाजा किलकिला होतो. गारठाही दिला आणि डीपीडी-१ही काढून घेतलं, तर बापाकडून हरितलवक मिळालेली रोपं शेकडा दोन-तीनपर्यंत जातात. एरवी हे लाखात एखाद-दुसऱ्या रोपात घडतं. दोन्ही दरवाजे उघडल्याशिवाय हा आकडा मिळत नाही, यातच उत्तर आहे.

कोकणपट्टीत उगवणारा चित्रक या सगळ्याला छान अपवाद आहे. पांढरी फुलं, चिकट ग्रंथींचा पुष्पकोष, आणि वैद्यांना हवं असलेलं मूळ. त्याच्या परागातल्या दोन शुक्रपेशी सारख्या नसतात. एकीत हरितलवकांचे पूर्वज गच्च भरलेले, दुसरीत मायटोकॉन्ड्रिया जास्त. अंडपेशीशी बहुधा पहिलीच मिळते. सूक्ष्मदर्शक असलेल्या कुठल्याही कॉलेजने हे झाड कुंडीत ठेवावं, गुलबक्षीच्या शेजारी.

पानाकडे परत येऊ. साकामोतो यांच्याच गटाने २०१८ साली दाखवलं की पान पिकतानाही हेच एन्झाइम हरितलवकांचा डीएनए मोडतं. डीपीडी-१ नसलेली रोपं भरपूर खतात वाढवली तर विशेष काही बिघडत नाही. स्फुरद तोडला की फरक उघड होतो. खालच्या पानांतला स्फुरद वरच्या भागाकडे नीट जात नाही, टंचाईला रोप जसं उत्तर द्यायला हवं तसं देत नाही आणि मागे पडतं. बीजधारी वनस्पतींत ही व्यवस्था टिकून आहे. माझ्या मते त्या निबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट ही की त्यांनी रोपाला उपाशी ठेवून पाहिलं. पोटभर खाणाऱ्या घरात काटकसर दिसत नाही.

याआधी एक लांबलेला वाद होऊन गेला होता. २००४ च्या सुमारास अर्नोल्ड बेंडिक यांच्या गटाचं म्हणणं होतं की पान वाढतानाच, पिकण्याच्या कितीतरी आधी, हरितलवकांतला डीएनए बहुतेक संपतो. बॉक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली पुन्हा मोजून सांगितलं की नाही, पक्व पानात तो शाबूत असतो. मोजणाऱ्यांना मोजण्यातच इतका फरक कसा पडतो, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने स्वतः मोजायला बसावं. बदामाच्या पानावर हा प्रयोग ठाण्यातल्या एखाद्या पदव्युत्तर प्रयोगशाळेतही होऊ शकतो, आणि तो फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा नमुन्याची. एकाच फांदीवरचं हिरवं, पिवळं आणि लाल पान घ्यावं, एकाच वेळी, आणि धुऊन घ्यावं, कारण पानावर बुरशी आणि निळे-हिरवे जिवाणू असतात आणि त्यांचाही डीएनए येतो. मोठी शीर टाळून ६ मिलिमीटरच्या चकत्या पाडाव्यात. द्रवरूप नायट्रोजन नसेल तर पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेलमध्ये लगेच बंद कराव्यात. पिशवीत टाकून दुपारपर्यंत फिरवलेलं पान निकामी, कारण ते तोडल्यावरही आतलं मोडकाम चालू राहतं.

दुसरी जागा टॅनिन या तुरट द्रव्याची. बदामाचं पान त्याने ठासून भरलेलं आहे. पेशी फोडून डीएनए सोडवणाऱ्या नेहमीच्या सीटॅब बफरमध्ये, म्हणजे २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ट्रिस आणि २० मिलिमोलर ईडीटीए यांत, १ ते २ टक्के पीव्हीपी आणि वापरायच्या वेळी मर्कॅप्टोइथेनॉल घातलं नाही तर डीएनएचा गोळा तपकिरी येतो आणि पुढे काहीच चालत नाही. १०० मिलिग्रॅम ताज्या पानाला पाऊण ते एक मिलिलिटर बफर, ६५ अंशांवर अर्धा ते एक तास, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १, मग आयसोप्रोपेनॉल, शेवटी ७० टक्के अल्कोहोलने धुणं. यातलं ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतं. मॅग्नेशियम गेलं की डीपीडी-१ आणि त्याच्यासारखी सगळी मंडळी थांबतात. डीएनए काढण्याची कृती लिहिताना हा पदार्थ आपण सवयीने लिहितो, पण पिकत्या पानात तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

तिसरी जागा मोजणीची. क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती फेरीगणिक दुप्पट करत मोजण्याच्या तंत्रात, हरितलवकाचं एक जनुक, उदाहरणार्थ आरबीसीएल, आणि केंद्रकातलं एकच प्रत असलेलं एक जनुक बरोबरीने चालवायचं. हजार प्रतींसमोर दोन प्रती म्हणजे पाचशेपट, म्हणजे साधारण नऊ फेऱ्यांचा फरक. पिकल्या पानात तो सहावर आला तर डीएनए आठपट घटला. ऐकायला सोपं आहे. पण टॅनिनचा अंश उरला असेल तर फेऱ्या उगाच उशिरा लागतात. नमुना दहापट पातळ करून पाहावा: फेऱ्या ३.३ ने वाढल्या तर ठीक, कमी वाढल्या तर अडथळा आहे. हरितलवकाच्या डीएनएचे तुकडे केंद्रकातही रुजलेले असतात, तेही मोजले जातात आणि घट खरी आहे त्याहून कमी दिसते. उलट काही झाडांच्या पानांत पेशी न विभागता केंद्रकातला डीएनए दुप्पट-चौपट होतो. मग हरितलवकाचा डीएनए तेवढाच असूनही प्रमाण घसरतं. नुसता एकूण डीएनए नॅनोग्रॅममध्ये सांगणाऱ्याने तर बुरशीही मोजलेली असते. वीस वर्षांपूर्वीचा तो वाद मला या यादीकडे पाहूनच समजतो.

स्फुरद मोजणं त्यामानाने सोपं. चकत्या ५०० ते ५५० अंशांवर जाळून राख करायची, ती आम्लात विरघळवायची आणि मॉलिब्डेटची निळी छटा ८८० नॅनोमीटरवर वाचायची. चूक होते ती टक्केवारीत. पिकताना पानाचं स्वतःचं वजनही घटतं. समजा हिरव्या पानात स्फुरद ०.१२ टक्के आणि गळलेल्यात ०.०५ टक्के, तर परत गेला ५८ टक्के असं वाटतं. पण पान वजनाने २० टक्के हलकं झालं असेल तर गळलेल्यातला स्फुरद जुन्या वजनावर ०.०४ टक्केच भरतो, म्हणजे परत गेला ६७ टक्के. म्हणून ठरावीक आकाराच्या चकत्या, आणि त्या ताज्या पानातूनच. वाळलं की पान आक्रसतं. पाऊस पडून गेलेल्या पानाला हात लावू नये, त्यातलं पाण्याबरोबर गेलेलं असतं. गळलेल्या पानात ०.०५ टक्क्यांहून कमी स्फुरद उरला असेल तर पानगळीच्या झाडाने जवळपास शक्य तेवढं सगळं काढून घेतलं असं मानतात. सदाहरित झाडांसाठी हीच रेघ ०.०४ टक्क्यांची आहे.

आपल्याकडच्या मातीत या काटकसरीला विशेष अर्थ आहे. नर्सरीतून गोणीने येणारी लाल माती लाल आहे ती लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यावर १६ टक्के लिहिलेलं असतं ते पी-टू-ओ-फाइव्हचं प्रमाण. शुद्ध स्फुरद १०० ग्रॅममागे सातच ग्रॅम. तो लाल मातीत विखरून टाकला तर बराचसा मातीच ठेवून घेते. कंपोस्टमध्ये मिसळून मुळांजवळ एका जागी दिलेला जास्त लागू पडतो. स्फुरद कमी पडल्याची खूण जुन्या पानांवर दिसते. ती गर्द, कधी जांभळट होतात, आणि कोवळी पानं बराच काळ बरी दिसतात, कारण जुन्यांचं काढून नव्यांना दिलं जात असतं. मुरबाड-शहापूरकडे आश्विनात भात पिवळं पडतं तेव्हाही हेच चाललेलं असतं, फक्त माल दाण्यात जातो.

म्हणून एक कळकळीची विनंती. बाल्कनीतल्या किंवा सोसायटीच्या बागेतल्या झाडाचं खालचं पान पिवळं पडायला लागलं की लगेच खुडू नये. करपा-बुरशी असेल किंवा कीड असेल तर काढावंच, पण नुसतं पिकत असेल तर राहू द्यावं. अर्धवट पिवळ्या पानात आवराआवर ऐन भरात असते. पाणी तुटून किंवा उन्हाच्या झळेने हिरवं असतानाच करपलेलं पान झाडाला काही परत देऊ शकत नाही, तेवढं नुकसान पुरे. देठाला बोट लावून पाहावं. ओढ लागली तर थांबावं. काम उरकलं असेल तर पान बोटाच्या स्पर्शानेच सुटतं आणि फांदीवर कोरडा, मिटलेला वण राहतो. बदामाच्या शेंड्याकडे अशा वणांच्या वरच, नखाएवढी टोकदार, नवी पानं तेव्हा फुटायला लागलेली असतात.